घरपट्टी भरली, मग हा 210 कुठून आला?

पत्र

नमस्कार,

आम्ही गेली बावीस वर्षं इंग्लंडात रेडिंगला राहतो. 2018 मध्ये स्पेनमध्ये तोरेविएखाला समुद्राजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. निम्मा माझा आणि ह्यांचा, निम्मा नाशिकच्या भाऊजींचा. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत, त्यांनी त्यांच्या वाट्याचे पैसे रीतसर बँकेमार्फत पाठवले होते. आम्ही वर्षातून दोनदा जातो, भाऊजी-जाऊबाई आतापर्यंत एकदाच आले. तिथली घरपट्टी, म्हणजे इबी, दरवर्षी खात्यातून आपोआप कापली जाते. कोथरूडच्या फ्लॅटचीही घरपट्टी भरतो, तसंच हे, असं धरून चाललो होतो.

यंदा, 2025 च्या दिवाळीनंतर, गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या डच बाईंनी सहज विचारलं, "तुमचं 210 कोण भरून देतं?" मी म्हटलं, कसलं 210? त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी मोठं राहून गेलंय. तेव्हापासून डोक्यात तेच. घर घेताना मधल्या माणसानं इबीशिवाय कशाचं नावही काढलं नव्हतं. हे म्हणतात, सात वर्षांत कुणी विचारलं नाही, आपण होऊन कशाला जायचं? मुलगा म्हणतो, स्पेन परदेशी लोकांवर शंभर टक्के कर लावणार आहे, विकून मोकळे व्हा. भाऊजींना अजून काही बोलले नाही. इबीच्या पावतीचा फोटो जोडलाय. काय करू?

ता. क. : 2023 च्या ऑगस्टमध्ये ओळखीच्या एका कुटुंबाला तीन आठवडे घर दिलं होतं. त्यांनी 900 युरो दिले. ते धरायचे का?

– एक वाचक, रेडिंग

उत्तर

ताई,

पत्रातली खरी गोम ता. क. मध्ये असते, हा माझा जुना अनुभव. तिच्याकडे येऊच. आधी डच बाई.

त्या बरोबर आहेत. इबी ही घरपट्टीच, नगरपालिकेची. तोरेविएखा ज्यात येतं त्या अलिकांते प्रांतात 'सुमा' नावाची संस्था नगरपालिकांच्या वतीनं ती गोळा करते, म्हणून तुमच्या पावतीवर सुमाचं नाव आहे. 210 नंबरचा फॉर्म हा मात्र वेगळ्या दारातला कागद. तो जातो देशाच्या कर खात्याकडे, ज्याला तिथे सगळे 'आसिएन्दा' म्हणतात. आणि हा घरावरचा कर नाहीच, आयकर आहे. अनिवासी माणसानं भरायचा आयकर.

आता तुम्ही म्हणाल, उत्पन्न कसलं डोंबलाचं, आम्ही तर तिथे जाऊन खर्चच करून येतो! पण स्पेनचा कायदा असा विचार करतो: तुमचं राहतं घर एक. त्याशिवाय दुसरं घर तुम्ही स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलंय, भाड्यानं दिलं असतंत तर पैसे आले असते, तेव्हा तेवढा लाभ तुम्ही घेताच आहात. तो लाभ उत्पन्न मानायचा आणि त्यावर कर घ्यायचा. हे फक्त परक्यांसाठी नाही. माद्रिदला राहणाऱ्या माणसाचा अलिकांतेला सुट्टीचा फ्लॅट असेल तर त्यालाही हेच मानीव उत्पन्न त्याच्या आयकरात दाखवावं लागतं.

आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण पुण्यात उलटं शिकलोय. घरात स्वतः राहतो म्हटलं की महापालिका 40 टक्के सवलत देते, त्यासाठी लोक पीटी-3 अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. पण भारताच्या आयकरात ही कल्पना आहेच की. स्वतःच्या वापरातली दोन घरं शून्य उत्पन्नाची धरता येतात. तिसरं रिकामं असलं तरी ते भाड्यानं दिलंय असं समजून कर लागतो. स्पेन तेच दुसऱ्या घरापासून करतो, एवढाच फरक.

तर हिशेब. तुमच्या पावतीचा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बाजूला वीस अक्षरी-आकडी लांबलचक नोंदणी क्रमांक आहे, तो कुठेतरी नीट उतरवून ठेवा, फॉर्मवर लागतो. त्याच्याखाली जमिनीची किंमत 21,300, बांधकामाची 26,700 आणि बेरीज 48,000 युरो. ही बेरीज म्हणजे 'वालोर कातास्त्राल', सरकारी नोंदवहीतली किंमत. तुम्ही फ्लॅट कितीला घेतला त्याच्याशी तिचा संबंध नाही, आणि बहुतेक वेळा ती बाजारभावापेक्षा बरीच खाली असते.

या किमतीच्या 2 टक्के हे मानीव उत्पन्न. तुमच्या नगरपालिकेतल्या किमतींची सर्वसाधारण फेरतपासणी मोटामोटी गेल्या दहा-बारा वर्षांत झालेली असेल तर 2 च्या जागी 1.1 टक्के. ते वर्ष नोंदवही खात्याकडून, कातास्त्रोकडून, कळतं. फॉर्म भरायच्या आधी पक्कं करून घ्या. मी इथे 2 धरून चालते, म्हणजे वाईटात वाईट आकडा समोर राहील. 1.1 निघालं तर कर जवळपास निम्म्यावर येईल आणि तुम्हाला मिठाई वाटावीशी वाटेल.

48,000 चे 2 टक्के म्हणजे 960. तुमचा वाटा पाव, 240 युरो. तुम्ही ब्रिटनच्या रहिवासी, म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या, म्हणून दर 24 टक्के. कर झाला 57 युरो 60 सेंट. ह्यांचाही तेवढाच. भाऊजींचा निम्मा वाटा, म्हणून 115 युरो 20 सेंट. वर्षाचा हा सगळा ऐवज. झोप उडवण्याइतका मोठा नाही, हे आधी मनात नोंदवून ठेवा.

यात एक गंमत आहे. संघातल्या रहिवाशांना दर 19 टक्के आहे. ब्रेक्झिटच्या संक्रमणकाळामुळे 2020 संपेपर्यंत तुम्ही दोघंही 19 मध्ये होतात. 1 जानेवारी 2021 पासून 24 मध्ये गेलात. भाऊजी मात्र नाशिकला बसून पहिल्या दिवसापासून 24 मध्येच आहेत. तेव्हा 2020 चा तुमचा कर 45 युरो 60 सेंट येईल, त्यांचा 115.20 च. घर एक, वर्ष एक, आणि दोन भावांना दोन दर. मग "ह्यांनी माझं जास्त का लावलं" असा प्रश्न नाशिकहून आलाच तर उत्तर जवळ असू द्या.

मागची किती वर्षं? खात्याला मागे जायला चार वर्षं मिळतात आणि ती मोजायची फॉर्म भरायची मुदत संपल्यापासून. एखाद्या वर्षाचं मानीव उत्पन्न पुढच्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. म्हणून 2018 आणि 2019 सुटली, ती विसरा. 2020 ची मुदत डिसेंबर 2021 ला संपली, म्हणजे ते वर्ष या 31 डिसेंबरला गळून पडेल. 2021, 2022, 2023 उघडी आहेत. आणि 2024 तर थकलेलंच नाही! ते या डिसेंबरअखेर भरायचंय. खात्यातून परस्पर वळतं करायचं असेल तर 23 डिसेंबरच्या आत. त्यानंतरही 31 पर्यंत भरता येतं, पण स्वतः बँकेत भरावं लागतं. मी हे लिहितेय तेव्हा नोव्हेंबर संपत आलाय, तेव्हा सुरुवात 2024 पासूनच करा. निदान एक वर्ष तरी वेळेत भरल्याचं समाधान.

2020 चं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ह्यांच्या लक्षात येणारच. महिनाभर गप्प बसलं की ते वर्ष कायद्यानंच संपतं. मी असते तर भरून टाकलं असतं. पंचेचाळीस युरोंसाठी डिसेंबरभर कॅलेंडरकडे बघत बसायचं वय राहिलं नाही. पण हे माझं झालं. तुम्ही तिघांनी वेगळं ठरवलंत तर मी नाक मुरडणार नाही.

आता ह्यांचा मुद्दा: कुणी विचारलं नाही, कशाला सांगायचं. हा विचार मराठी माणूस घरपट्टीपासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळीकडे करतो, आणि कधी कधी तो चालूनही जातो. इथे चालत नाही, कारण दोन परिस्थितींतला फरक फार मोठा आहे. खात्यानं विचारायच्या आधी स्वतः भरलंत तर उशिराचा अधिभार आहे: 1 टक्का आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे आणखी 1. वर्षाहून जास्त उशीर असेल तर सरसकट 15 टक्के आणि पहिल्या बारा महिन्यांनंतरच्या काळाचं व्याज, 2023 पासून वर्षाला चार टक्क्यांच्या जरा वर. हा अधिभार ठरलेल्या मुदतीत भरलात तर त्यातही चतुर्थांश सूट. म्हणजे 2022 च्या तुमच्या 57.60 वर अधिभार 8.64, सूट धरून 6.48. व्याज दोनेक युरो. तोरेविएखाच्या समुद्राकाठच्या कॅफेत दोघांनी कॉफी-केक घेतला तर यापेक्षा जास्त बिल होईल. 2023 चा उशीर डिसेंबरातही बारा महिन्यांच्या आतच असेल, म्हणून त्यावर 12 टक्के आणि व्याज नाही.

हेच खात्याचं पत्र आल्यावर भरायला गेलात तर तो उशीर राहत नाही, दंड होतो. दंड न भरलेल्या कराच्या निम्म्यापासून सुरू होतो.

आणि पत्र कधी येतं? बहुधा घर विकताना. अनिवासी माणूस घर विकतो तेव्हा घेणाऱ्यानं किमतीच्या 3 टक्के कापून आसिएन्दाकडे जमा करायचे असतात. 1,20,000 ला विकलंत तर 3,600 युरो तिकडे जातात. मग तुम्ही नफ्याचा 210 भरायचा, नफ्यावर 19 टक्के, आणि कापलेले जास्त झाले असतील तर परत मागायचे. परत मागायला गेलात की खातं तुमची मागची वर्षं उघडून बघतं. न भरलेली निघाली की आधी ती वळती. तेव्हा "कुणी विचारलं नाही" हे खरं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की विचारायची वेळ अजून आलेली नाही. नोटरीकडे झालेलं खरेदीखत, तिघांचे परदेशी ओळख क्रमांक, दरवर्षीची इबी, सगळं त्यांच्याकडे आधीच आहे.

ह्यांना हे पटलं नाही तरी तुमचं अडत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक फॉर्म, असा मानीव उत्पन्नासाठी प्रकार नाही. प्रत्येक मालक स्वतंत्र करदाता. तुमच्या पाव वाट्याचं तुम्ही भरा, त्याला त्यांच्या सहीची गरज नाही. बायकोची पाटी कोरी झाली की नवरे आठवडाभरात पेन शोधायला लागतात, असं निदान माझ्या ओळखीत तरी झालंय.

आता ता. क. 900 युरो धरायचे का? हो ताई, धरायचेच. ते खरं उत्पन्न आहे, मानलेलं नाही. त्याचा 210 वेगळा भरायचा, त्या उत्पन्नाचा सांकेतिक क्रमांक 01, आणि मानीव उत्पन्नाचा 02. संघाबाहेरच्या मालकांना भाड्यातून खर्च वजा करता येत नाहीत. वीज, साफसफाई, इबी काही नाही, पूर्ण 900 वर 24 टक्के. या भेदभावावर तिथल्या न्यायालयांत भांडण चालू आहे, पण तुमच्या तीन आठवड्यांसाठी त्यात पडू नका. 216 युरो होतात: तुमचे 54, ह्यांचे 54, भाऊजींचे 108. 2023 मध्ये भाड्याचे फॉर्म दर तिमाहीला भरायचे असत; 2024 च्या भाड्यापासून ते वर्षातून एकदा एकत्र भरता येतात. बदल्यात 2023 च्या मानीव उत्पन्नातून ते 21 दिवस वगळायचे, म्हणजे तुमचे तीनेक युरो वाचले. आणि एक कानात सांगते: अलिकांते ज्यात येतं त्या व्हॅलेन्सिया प्रांतसमूहात पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर द्यायला आधी परवाना लागतो. ओळखीच्यांना द्यायचंच तर पुढच्या वेळी फुकट द्या, आणि परतताना त्यांना चितळ्यांची बाकरवडी आणायला सांगा. फुकट दिलेले दिवस मात्र स्वतःच्या वापरातलेच मोजले जातात.

ब्रिटनच्या बाजूनं तुम्हा दोघांना यात फारसं काही नाही. स्वतः वापरलेल्या घराचं मानीव उत्पन्न ब्रिटन मानत नाही, म्हणून तिथे कर नाही, आणि कर नाही म्हणून स्पेनमध्ये भरलेला वळता करून घ्यायचाही प्रश्न नाही. भाड्याचे तुमच्या वाट्याचे 225 युरो 1,000 पौंडांच्या मालमत्ता सवलतीत बसतात, तुमचं दुसरं काही भाड्याचं उत्पन्न नसेल तर.

भाऊजींचं प्रकरण मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. स्पेनचे सातशे-पावणेआठशे युरो राहू दे बाजूला. निवृत्त बँक अधिकारी, पेन्शन आणि मुदत ठेवी, तेव्हा विवरणपत्र 'सहज', म्हणजे आयटीआर-1, भरत असावेत, असा माझा अंदाज. परदेशात मालमत्ता असलेल्या भारतीय रहिवाशाला 'सहज' चालतच नाही. त्यांना आयटीआर-2 भरून त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या 'एफए' परिशिष्टात हा फ्लॅट दाखवायला हवा, उत्पन्न शून्य असलं तरी. स्पेनच्या बँक खात्यात त्यांचंही नाव असेल तर तेसुद्धा. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला 2024 च्या ऑक्टोबरपासून या दंडातून सूट मिळाली, पण ती बँक खाती, शेअर वगैरेंना. स्थावर मालमत्तेला नाही. म्हणजे ज्या माणसानं पैसे अगदी सरळ मार्गानं, बँकेतून, कागदपत्रं करून पाठवले, तो एका रकान्यामुळे त्या कायद्यात अडकू शकतो. माझ्या मते हा दंड गुन्ह्याच्या मानानं फार मोठा आहे. पण आहे.

सुदैवानं त्यांच्याही हातात 31 डिसेंबरच आहे. 2024-25 चं विवरणपत्र त्या दिवसापर्यंत सुधारून भरता येतं, आणि एफए परिशिष्टात माहिती द्यायची असते ती 2024 या कॅलेंडर वर्षाची, म्हणजे स्पेनच्या 210 चंच वर्ष. एकाच कागदावरून दोन्हीकडे आकडे जातील. मागच्या वर्षांचं काय करायचं ते त्यांनी नाशिकच्या सीएंशी समोरासमोर बसून ठरवावं, फोनवर नाही. भारताच्या आयकरात हे त्यांचं दुसरं घर असेल तर मानीव भाडं शून्य. 2023 चे भाड्याचे 450 युरो मात्र तिथे दाखवायला हवे होते, आणि स्पेनमध्ये भरलेल्या 108 ची वजावट भारत-स्पेन करारानं मागता येते.

मुलाचं शंभर टक्क्यांचं भूत उतरवून टाकते. 2025 च्या जानेवारीत स्पेनच्या पंतप्रधानांनी, पेद्रो सांचेझ यांनी, संघाबाहेरच्या अनिवासींनी घर विकत घेतलं तर किमतीइतका कर लावायचा प्रस्ताव जाहीर केला. मेमध्ये त्यांच्या पक्षानं तसं विधेयकही मांडलं. कायदा झालेला नाही, आणि प्रस्तावही नव्यानं घेणाऱ्यांबद्दल आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेल्या तुमच्या फ्लॅटला तो लागत नाही. विकायचं तर गुडघे दुखतात म्हणून विका, विमानाचा कंटाळा आला म्हणून विका. या बातमीवरून नको.

भरायचं कसं? तिथल्या खेस्तोरकडून, म्हणजे कर-कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटकडून, करून घेता येतं. पण आधी मोजा: तीन मालक, पाच वर्षं, पंधरा फॉर्म, वर भाड्याचे तीन. अठरा. बरेच खेस्तोर फॉर्मामागे पैसे घेतात, आणि तुमच्या बाबतीत त्यांची फी कराच्या वर जाऊ शकते. सगळ्यांचं मिळून एकच रक्कम सांगायला लावा, लेखी. नाहीतर स्वतः भरा. खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म भरून छापता येतो आणि तो कागद घेऊन स्पेनच्या बँकेत पैसे भरता येतात. उत्पन्नाचा क्रमांक 02, उत्पन्नाची तारीख त्या त्या वर्षाची 31 डिसेंबर, घराचा तो वीस अक्षरी क्रमांक, सरकारी किंमत, आणि मालकीचा हिस्सा. त्या शेवटच्या रकान्यात 25 लिहा, भाऊजींच्या फॉर्मवर 50. तिथे 100 राहिलं की तिघांनी मिळून एकाच घरावर तीन घरांचा कर भरलेला असतो, आणि तो परत मागणं हे वेगळंच पुराण. अधिभार स्वतः काढू नका. मूळ कर भरा, अधिभाराचं पत्र खातं नंतर पाठवतं. ते रेडिंगच्या बरोबर पत्त्यावर येईल एवढं पाहा, कारण चतुर्थांश सूट त्या पत्राच्या मुदतीवर आहे.

तुमचं एकटीचं सगळं मिळून, पाच वर्षं, भाडं, अधिभार आणि व्याजासकट, 370 युरोंच्या आसपास. ह्यांचं तेवढंच. भाऊजींचं पावणेआठशेच्या घरात.

भाऊजींना कसं सांगायचं यावर तुम्ही अडलात असं दिसतंय. फोन केलात तर पहिली दहा मिनिटं तब्येत, पुढची दहा पाऊस, आणि मग विषय राहून जातो. घरच्या ग्रुपवर नको, त्यांना एकट्यांना असं काहीतरी पाठवा:

"भाऊजी, नमस्कार. तोरेविएखाच्या फ्लॅटचा एक कर आपल्या तिघांकडूनही राहिलाय, इबीखेरीजचा. रक्कम फार नाही, तुमच्या वाट्याचे साधारण पावणेआठशे युरो, मी आकडेमोड पाठवते. पण त्यापेक्षा महत्त्वाचं: तुमच्या भारतातल्या विवरणपत्रात हा फ्लॅट दाखवलाय का ते सीएंना याच आठवड्यात विचारा. 'सहज' भरला असेल तर 31 डिसेंबरच्या आत आयटीआर-2 मध्ये सुधारून भरावा लागेल, एफए परिशिष्टासकट. 2023 मध्ये आलेल्या 900 युरोंतले 450 तुमचे, तेही त्यांना सांगा. खरेदीखताची आणि पैसे पाठवल्याची प्रत तुमच्याकडे आहे ना? नसेल तर माझ्याकडची स्कॅन करून पाठवते. जाऊबाईंना नमस्कार."